तारीख नसलेला अर्ज

रुजू होण्याचा आदेश मी आप्पांच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि बदलीचा अर्ज लिहायला सांगितले.

"आधी अर्ज लिख, पोरी. मंग शिकाडजो."

आप्पा आमचे केंद्रप्रमुख. तळोद्याहून जीपने डोंगरात जाऊन गाठाव्या लागणाऱ्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली येतात. प्रत्येक नव्या शिक्षकाकडून ते पहिल्याच दिवशी बदलीचा अर्ज घेतात आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. तारखेची जागा रिकामी असते. नकोसे वाटेल त्या दिवशी अर्ज मागून घ्यावा आणि तारीख टाकावी, इतकाच नियम.

मी "घरगुती अडचण" असे कारण लिहिले. आप्पांनी कागद परत केला. "घरगुती अडचण सगळास्ले ऱ्हास. खरं कारण लिख."

मग मी लिहिले, "माझ्या पात्रतेचा येथे उपयोग होईल असे वाटत नाही." माझे वडील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि संशोधनाची स्वप्ने अजून मोडलेली नव्हती. आप्पांनी ते वाक्य दोनदा वाचले, समाधानाने मान हलवली आणि डब्याचे झाकण लावले.

त्यांचा सिद्धान्त असा : "दार उघडं ऱ्हायनं म्हंजे मानूस घरमा निवांत बसस." या सिद्धान्ताला कोणताही शास्त्रीय आधार नाही. शिवाय नव्या शिक्षकाला इतक्या लवकर बदली मिळतच नाही, त्यामुळे डब्यातल्या एकाही अर्जाला कायद्याने काडीची किंमत नव्हती. हे मी त्यांना नियम दाखवून सिद्ध केले. ते म्हणाले, "माले माहीत शे," आणि डबा पिशवीत घातला.

जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या प्रशिक्षणात आम्हाला पडद्यावर बाणांच्या आकृत्या दाखवल्या होत्या. आप्पांचे प्रशिक्षण दर बुधवारी येई. हजेरीपत्रक उघडण्यापूर्वी ते विचारत, "काय पोरी, कसं काय शे?" "बरं आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. "खरं सांग," म्हणून ते थांबून राहत. जीपवाला हॉर्न वाजवून थकला तरी.

पाठ सुरू झाला की ते शेवटच्या सतरंजीवर मुलांमध्ये मांडी घालून बसत आणि शेजारच्या मुलाला पावरीत, म्हणजे मुलांच्या घरच्या बोलीत, हळूच विचारत, बाई काय सांगते आहे? त्याचे उत्तर हाच माझा तपासणी अहवाल.

एका बुधवारी मी हवेच्या दाबाचा प्रयोग केला. पाण्याने भरलेला पेला पुठ्ठ्याने झाकून उलटा केला, पुठ्ठा पडला नाही, पाणी सांडले नाही. माझ्या मते पाठ निर्दोष होता. आप्पांनी शेजारच्या सेवंतीला विचारले आणि अहवाल मला अहिराणीत ऐकवला. "हाई पोरगी म्हनस, बाई हुशार शे. पन ती फळ्यासंगे बोलस."

मी त्याच संध्याकाळी तळोद्याला उतरले. बदली मिळणार नव्हती. त्याच कागदावर "बदली" खोडून "राजीनामा" लिहायचा, असे मी जीपमध्ये ठरवले होते.

आप्पांची भाड्याची एक खोली : एक खाट, एक स्टोव्ह, एक कप. स्वतःचे घर लांब, कोरीट गावाला. त्यांनी काही न विचारता डबा पुढे केला. "ले, काढी ले."

पिशवीत हलून कागद उलटसुलट झाले होते. मी अर्ज उपसू लागले. रस्ता नाही, लग्न ठरले आहे, सापांची भीती वाटते... माझा सापडला. पण तोवर तळाशी पोहोचले होते. तिथे एक पिवळा पडलेला कागद होता, खाली आप्पांची सही. "मुलांना माझी भाषा समजत नाही. संध्याकाळी बोलायला कोणी नाही." तारखेची जागा कोरी.

"हा तुम्ही दिला नाहीत?"

"कोनले देतू? माले इचारनारं कोनी व्हतंच नही." ते स्टोव्हला पंप मारत राहिले. "म्हनीसन मी इचारस."

मी माझा अर्ज त्यांच्या अर्जावर ठेवला आणि झाकण लावले. सेवंतीकडून पावरी शिकायला किती आठवडे लागतील, याचा अंदाज मी मनात बांधत होते. मग एक गोष्ट लक्षात आली.

"कसं काय शे, आप्पा?"

"बरं शे."

"खरं सांगा."

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पातेल्यात आणखी एका माणसाच्या चहाचे पाणी ओतले, एकुलता कप माझ्यापुढे सरकवला, स्वतःसाठी तांब्या घेतला आणि सांगायला सुरुवात केली.