नानांचं निघणं

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत ‘ठाण मांडणे’ म्हणजे काय, हे कुणाला शब्दकोशात बघावं लागत नाही. कॉलनीतलेच नाना रोज संध्याकाळी आमच्या घरी येतात, हेल्मेट न काढता सोफ्यावर टेकतात आणि म्हणतात, “बठत नही भो, निंघसच आते.” मग बातम्या संपतात, मालिका सुरू होते, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि नाना हेल्मेटची काच वर करून दुसरा चहा पीत असतात.

हेल्मेट डोक्यावर आहे तोवर माणूस निघालेलाच असतो, असं त्यांचं प्रामाणिक मत. त्यामुळे ‘या आता’ म्हणायची सोयच नाही.

गंमत म्हणजे या गृहस्थांची अख्खी नोकरी बसस्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत असायचे, तेवढ्यात नानांची शिट्टी वाजायची आणि भडगाव गाडी हलायची. “त्यांना एकदा शिट्टी मारून बघा ना,” असं आमची ही मला कितीदा म्हणाली असेल.

त्यांच्या पत्नी, अक्का, गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून बैठक आणखी लांबली. वैतागून मी एकदा आत जाऊन चक्क घोरण्याचं नाटक केलं. बाहेर नाना हिला सांगत होते, “थकी ग्या व्हई. झोपू दे. मी शे ना आठे.” म्हणजे मी उठेपर्यंत ते इथेच!

परवा संध्याकाळी त्यांची स्कूटर काही केल्या सुरू होईना. मी आनंदाने माझी काढली, हेल्मेट चढवलं आणि त्यांना दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या दारात सोडलं.

नानांनी बेल वाजवली.

दाराला बाहेरून कुलूप होतं. तरी ते जरा वेळ तसेच उभे राहिले. मग खिशातून किल्ली काढली.

“रोज वाजाडस. सवय शे,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “तू जाय आते, तुले उशीर व्हई राह्यना.”

मी स्कूटर स्टँडवर लावली. “चहा टाका नाना,” मी म्हटलं. “बसत नाही, निघतोच.”

हेल्मेटची काच वर करूनच माझा चहा झाला. अक्कांना त्यांच्या हातचा चहा कधीच आवडला नाही, ते सगळं सांगून झालं. भडगावच्या गप्पा निघाल्या. हिचा फोन आला, “कुठे ठाण मांडलंय?”

“नानांकडे. तू जेवून घे.”

नानांनी आपलं हेल्मेट कधीच खुंटीला लावलं होतं. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“तुन्हं बी दे आते.”

मी काढून दिलं.