कागदाचा बर्फ

सिनेमा संपला की लोक उठतात. पाटणकरही उठायचे, पण दाराकडे नाही, टीव्हीकडे. चष्मा कपाळावर ढकलून, काचेला नाक लागेल इतके जवळ जाऊन ते शेवटची नावं वाचायचे. चॅनलवाले ती नावं पडद्याच्या एका कोपऱ्यात चेपून बसवतात आणि उरलेल्या जागेत पुढच्या सिनेमाची जाहिरात दाखवतात. नावं मुंग्यांसारखी भराभर वर चढून नाहीशी व्हायची. पाटणकर शेवटच्या मुंगीपर्यंत उभे राहायचे, मग म्हणायचे, "दिसलं नाही." काय दिसलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि सिनेमे तरी कुठले? केबलवर नोव्हेंबरपासून सुरू होणारे नाताळचे प्रेमपट. शहरात वकिली करणारी मुलगी सुट्टीत गावी जाते, तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेला सुतार भेटतो, आणि शेवटी दोघं दिव्यांनी मढवलेल्या झाडाखाली उभी राहिली की वरून बर्फ पडतो. दुसऱ्या दिवशी वकिलीच्या जागी बेकरी आणि सुताराच्या जागी शाळामास्तर. बाहेर सिंगापूरच्या बुकित पंजांगमध्ये घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आत पंख्याखाली बनियनवर बसलेले पाटणकर तो बर्फ कोर्टात साक्ष ऐकावी तशा चेहऱ्याने बघत असायचे.

आमच्या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दारासमोर. आयुष्यभर त्यांनी हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसातून जहाजांवरच्या मालाची तपासणी केली. खोक्यांत पाणी कुठून शिरलं, तांदूळ भिजला तो दोष कुणाचा, हे ठरवायचं. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. "निरीक्षण नोंदवतो," अशी त्यांची सुरुवात. आम्ही नवे पडदे लावले तेव्हा बायको कौतुकाच्या अपेक्षेने उभी होती. पाटणकर म्हणाले, "निरीक्षण नोंदवतो. डावा पडदा अर्धा इंच आखूड आहे." मी टेप लावून बघितला. होता.

सिनेमालाही सुटका नव्हती. "नायिकेच्या हातातला कॉफीचा कप रिकामा आहे. भरलेला कप माणूस असा हलवत नाही." "आजीबाई गेल्या आठवड्यातल्या सिनेमात पोस्टमास्तरीण होत्या." सगळं बारकाईने, सगळं खरं. फक्त बर्फावर त्यांनी कधी शेरा मारला नाही. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा नचिकेत. इथली सक्तीची लष्करी नॅशनल सर्व्हिस संपवून कॅनडाला इंजिनीअरिंग शिकायला गेला, तो तिकडचाच झाला, एवढंच आम्हाला ठाऊक. मी एकदा सहज विचारलं, "काय म्हणतो नचिकेत?" पाटणकर म्हणाले, "ठीक असेल." घरी आल्यावर बायको म्हणाली, "आहे नाही म्हणाले. असेल म्हणाले."

ती गोष्ट घडली डिसेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी. सुलभाकाकींनी, म्हणजे पाटणकरांच्या बायकोने, आम्हाला आणि मरीन परेड भागातल्या एका बँकवाल्या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, काकींनी टीव्ही लावला. "तीनला सिनेमा आहे, बघू या सगळे." वकीलबाई गावी आली, सुतार भेटला. बँकवाले गृहस्थ डुलक्या घेत होते, त्यांची बायको पुढचा संवाद आधीच म्हणून दाखवत होती, आणि सगळे हसत होते. माझी नऊ वर्षांची इरा जमिनीवर पालथी पडली होती. शेवटी बर्फ पडायला लागला.

"सो फेक लाह!" इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "दॅट्स नॉट स्नो!"

हशा झाला. मला चेव आला. मी म्हणालो, "हा बर्फ टाकणाऱ्याने जन्मात बर्फ बघितला नसणार. बिचाऱ्याला दुसरं काही जमलं नसेल, म्हणून या कामाला लागला!"

बँकवाले जागे होऊन हसले. मी पाटणकरांकडे दाद मागायला वळलो, तर ते उभे होते.

"तो कागदाचा असतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण "निरीक्षण" नव्हतं. "बारीक केलेला कागद. नाताळचे सिनेमे जुलैत काढतात. हिरवळीवर आधी पांढरी कापडं अंथरायची. मग वरून पाइपने कागद फवारायचा. झाडांच्या फांद्यांवर पाइप चालत नाही, तिथे शिडीवर चढून हाताने लावतात, एकेक फांदी. वारा आला की पुन्हा. नट थंडीने कुडकुडल्याचं सोंग करतात, त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला माणूस असतो. बर्फवाला उन्हात असतो. आणि शूटिंग संपल्यावर सगळा कागद वेचायचा. गवतात एक कपटा राहता कामा नये."

स्वयंपाकघराच्या दारात काकी चहाचा ट्रे घेऊन थबकल्या होत्या.

तेवढ्यात नावं सुरू झाली. पाटणकर टीव्हीकडे गेले, चष्मा वर केला, खाली केला, आणि मागे वळून म्हणाले, "इरा, तुझे डोळे चांगले आहेत. ये इकडे. वाच."

इरा धावत गेली. नावं पळत होती, ती अडखळत वाचत होती. लाइट, मेकअप, सुतारकाम. मग ती किंचाळलीच. "स्नो! एन. पाटणकर! अंकल, सेम नेम लाह, लाइक यू!"

"पुन्हा वाच."

"गेलं अंकल."

"पण होतं?"

"होतं."

पाटणकर होते तिथेच, टीव्हीसमोर फरशीवर बसले. काकींनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही चहा न घेताच निघालो. माझं वाक्य मला समोरच्या आमच्या दारापर्यंत, घरात, रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला गेलो. दार काकींनी उघडलं, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनीच सगळं सांगितलं. दुसऱ्या वर्षी नचिकेतने कॉलेज सोडलं आणि सिनेमाच्या युनिटमध्ये लागला. पाटणकर फोनवर म्हणाले होते, "खोटा बर्फ टाकायला तुला पाठवलं नव्हतं." नचिकेतने फोन ठेवला. त्याला सहा वर्षं झाली. आईशी तो बोलायचा, आपल्या सिनेमांची नावं सांगायचा. काकी वेळापत्रकात ती शोधून टीव्ही लावून ठेवायच्या. सिनेमा कसा निवडला हे पाटणकरांनी त्यांना कधी विचारलं नाही. फक्त नेमके त्या वेळी येऊन बसायचे.

"आज फोन लाव म्हणतायत," काकी म्हणाल्या. "तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्हालाच बोलवायला येत होते मी."

पाटणकर बाहेर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी माफीचं वाक्य सुरू केलं, ते त्यांनी हातानेच थांबवलं. "तुम्ही बोललात ते अनोळखी माणसाला होतं. मी बोललो ते मुलाला होतं," ते म्हणाले. "बसा. परक्या माणसासमोर मी जरा नीट बोलतो."

काकींनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती. "आई?" असा आवाज आला. काकींनी फोन पाटणकरांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा सारखा केला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "काल तुझा सिनेमा बघितला."

त्यांनी फोन आणखी जवळ ओढला.

"फांद्यांवरचं काम चांगलं होतं. जाडी सगळीकडे सारखी होती."

"बाबा," नचिकेत म्हणाला, "तो सिनेमा जुना आहे. ते काम सोडलं मी. दोन वर्षं झाली."

पाटणकरांनी काकींकडे पाहिलं. काकी खाली बघत होत्या.

"का सोडलं?"

"शिडीवरून पडलो. खांद्याचं ऑपरेशन झालं. आता हात वर जात नाही पूर्ण. गोदामात काम करतो, सामानाची यादी बघायची. बरं चाललंय." मग तो म्हणाला, "आईला मीच सांगितलं होतं, बाबांना सांगू नकोस."

मला वाटलं, आता ते विचारतील, कॉलेजचं काय, पुढे काय. सहा वर्षांचे प्रश्न त्यांच्याकडे तयार असणार. त्यांनी फोन उचलून दोन्ही हातांत धरला.

"कुठला खांदा?"

"उजवा."

"ऑपरेशनला बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

पाटणकर फोन घेऊन खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ केली. काकींनी मला डोळ्यांनीच खूण केली, आम्ही स्वयंपाकघरात आलो. त्यांनी उगाचच नळ सोडला आणि लगेच बंद केला. आता नचिकेत ऐकू येत नव्हता, फक्त पाटणकर.

"थंडीत दुखत असेल... नारायण तेल लाव, कोमट करून... मिळतं का तिथे?... नाही, पाठवत नाही. मी घेऊन येतो."