पुस्तिकेतला शिंपी

बावीस मजली इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरने गल्लीतली बेकरी पाडली, छापखाना पाडला, चावीवाल्याला हुसकावून लावलं. शिंप्याला मात्र हात लावला नाही. कारण विक्रीच्या पुस्तिकेवर फोटो शिंप्याचाच होता. गळ्यात टेप, ओठांत दोरा, आणि खाली ठळक अक्षरांत 'इथे शेजार अजून जिवंत आहे'. फ्लॅट हातोहात खपले. शिंप्याला प्रवेशद्वाराशेजारी काचेचा गाळा मिळाला, आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"बावीस मजल्यांवरच्या पँटी आखूड करायच्या," तो बायकोला म्हणाला, "दुसरी मशीन घ्यावी लागणार बघ!"

पहिली तक्रार दुसऱ्या मजल्यावरून आली. पायमशीनचा आवाज दुपारच्या झोपेच्या आड येत होता. सोसायटीच्या समितीने तातडीची सभा घेऊन ठराव केला की, शिंपी हा पुस्तिकेत दर्शवलेल्या सुविधांपैकी एक असल्याने त्यास हटवता येणार नाही. सबब मशीनचा पट्टा काढून ठेवावा.

"पट्ट्याशिवाय मशीन चालणार कशी?" शिंप्याने सचिवांना विचारलं.

"चालवू नका. नुसते पाय हलवा," सचिव म्हणाले. "फोटोत कुठे आवाज येत होता?"

शिंपी हाताने शिवू लागला. मग जुनी गिऱ्हाइकं उसवलेले कपडे घेऊन यायला लागली, आणि बाहेरची माणसं दाराशी घुटमळतात अशी दुसरी तक्रार आली. गिऱ्हाइकांना बंदी झाली. शिंप्याने वैतागून गाशा गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव त्याच्या घरी हजर.

"मास्तर, असं तोंडघशी पाडू नका. तुम्ही पुस्तिकेत आहात, म्हणजे करारात आहात. तुम्ही गेलात तर फ्लॅटचे भाव गडगडतील."

"मग एखादी पँट तरी द्या हो शिवायला!"

"पुढच्या सभेत विषय घेतो."

विषय अजून यायचाय. तोवर शिंपी दहा ते सात काचेआड बसतो, ओठांत दोरा धरतो आणि पाय हलवतो. संध्याकाळी बायको विचारते, "आज काय केलंत?" त्याच्याने खोटं बोलवत नाही, तो खाली मान घालून जेवतो. चाळीस वर्षांत त्याचे हात कधी रिकामे राहिले नव्हते, आणि त्याला त्यांचीच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ दार ढकलून आत आले. हातात पँट होती, शिवण चांगली वीतभर उसवलेली. शिंप्याने घाईघाईने चष्मा चढवला. लगेच सुई ओवली.

"बसा ना साहेब, पाच मिनिटांत देतो!"

"छे छे, शिवू नका. नवी मागवलीय मी घरपोच. ही नुसती हातात धरा आणि इकडे बघून हसा."

शिंपी हसला.

तो फोटो तुम्हीही फोनवर पाहिला असेल. 'आमचे मास्तर. अशी माणसं आता राहिली नाहीत,' असं खाली लिहिलं होतं. तुम्ही बदाम टाकलात, घटकाभर हळहळलातही. बरं, त्या दिवशी तुमच्या शर्टाचं बटण तुटलं होतं ना, त्या शर्टाचं पुढे काय केलंत?