अप्पा आणि खर्जाची तार

आमच्या शाळेतल्या पियानोची तार तुटली की दुरुस्तीसाठी चनबसप्पांना, म्हणजे अप्पांना, निरोप जायचा, आणि ते यायचे मयताला आल्यासारखे. दाराबाहेर चपला काढायचे, टोपी हातात घ्यायचे आणि पियानोकडे न बघता मला विचारायचे, "कधी गेली?"

सकाळच्या प्रार्थनेला, मी सांगायचो. मग शेवटी कोण वाजवत होतं, जाताना आवाज केवढा झाला, आदल्या दिवशी काही लक्षण दिसलं होतं का, अशी सविस्तर चौकशी व्हायची. फळी काढून आत डोकावलं की निकाल ठरलेला. "ह्याचं काय खरं न्हाई बघा, मास्तर."

मी त्या शाळेत गाणं शिकवायचो आणि नवी पेठेत अप्पांच्याच बोळात राहायचो, त्यामुळे हे सुतक मला दोन्हीकडे पाळावं लागे. दुष्काळ संपून पाऊस आला तेव्हा सगळा बोळ साखर वाटत होता आणि अप्पा ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, आता लाकूड फुगणार.

नवी तार चढवली की ती आठवडाभर ताणत राहते, सूर उतरतो, पुन्हा पुन्हा पिळावी लागते. मी कुरकुर केली की अप्पा समजूत घालायचे, "नवी सून हाय. रुळंपर्यंत रडणारच की."

"आणि रुळली की?"

"रुळली की तुटती."

अशा माणसानं आयुष्यात एकदाच आशेनं काही केलं, ते बायकोसाठी. नीलम्मा लहानपणी मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, तिथंच वाजवायला शिकलेली. अप्पा तेव्हा गिरणीत माग दुरुस्त करायचे. सोलापूर सोडून चाललेल्या एका साहेबाचा भिंतीला टेकवायचा बुटका पियानो त्यांनी तिच्यासाठी घेतला, आमच्या शाळेतल्या पियानोच्याच कंपनीचा, त्याच मापाचा. तो बिघडू नये म्हणून दुरुस्तीही शिकले. पियानो आत नेताना घराचं दार चौकटीसकट काढावं लागलं होतं. दार परत बसवताना अप्पा म्हणाले, आता हा बाहेर निघायचा न्हाई, आणि मी बी.

मग नीलम्माला अर्धांगाचा झटका आला. उजव्या बाजूवरचा ताबा गेला. त्याच सुमाराला बाहेरदेशची तार मिळेनाशी झाली, मुंबईच्या दुकानदारानंही हात वर केले. आमची तार तुटली की अप्पा घरच्या पियानोची काढून आणायला लागले. वरच्या पट्टीतल्या, उजव्या हाताच्या बाजूच्या तारा. एक झाली, दुसरी झाली. कुणी न मागताही काढून ठेवायला लागले. बोळात कुजबुज सुरू झाली, बायको अजून जिवंत आहे आणि हा तिच्या वस्तूची वासलात लावतोय. मलाही ते बघवत नव्हतं.

स्नेहसंमेलनाच्या तोंडावर आमच्या पियानोची खर्जातली तार तुटली. ही जाड, तांब्यानं गुंडाळलेली, बाजारात मिळणं अशक्य. मी अप्पांकडे मागितली आणि ते पहिल्यांदाच नाही म्हणाले. "वरच्या सगळ्या न्या की. खालची द्यायची न्हाई."

मी चिडलो. अर्धा पियानो ओरबाडलात, मग एका तारेनं काय बिघडतं, म्हणालो. अप्पांनी वाद घातला नाही. मला घरी घेऊन गेले.

नीलम्मा खुर्चीत बसून डाव्या हातानं वाजवत होती. अप्पांनी तिचा उजवा हात उचलला, एकेक बोट सरळ करून पट्ट्यांवर ठेवलं. तो हात थरथरत कुठंही आपटत होता, पण आवाज येत नव्हता. आत तारा नव्हत्याच.

"तारा होत्या तवा भलतंच वाजायचं," अप्पा मला हळूच म्हणाले. "ऐकून ती रडायची. आता चुकलं तरी ऐकू येत न्हाई."

मग उजव्या हाताची चाल ते स्वतः गुणगुणायला लागले. मी इतका बेसूर आवाज जन्मात ऐकला नव्हता, आणि तिथून उठावंसंही वाटत नव्हतं. संमेलन आम्ही त्या तारेवाचून उरकलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

थंडीच्या दिवसांत अप्पा न बोलावता शाळेत आले. फडक्यातून तांब्यानं गुंडाळलेली तार काढली आणि बसवायला लागले.  मी आधी नीलम्मा कशी आहे ते विचारलं.

"हाय की. पण डावा हात बी आता भलतीकडं पडतोय." त्यांनी किल्ली पिळली, सूर ऐकला, आणखी थोडी पिळली. "म्हणून खालच्या बी काढल्या सगळ्या. तिला सांगितलं, पियानोच बिघडलाय."

"त्यांना खरं वाटलं?"

"मला लई बोलली. चांगल्या वस्तूची माती केली म्हणाली. रोज बोलती."

अप्पांनी फळी लावली, हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि टोपी घातली.

"बोलू दे की, मास्तर. हाताला बोलण्यापरीस मला बोललेलं बरं."