जावईबापूंची टकटक

रविवारी सासरी जेवता जेवता जावईबापूंनी भिंतीवर टकटक केली, तिथंच सगळं बिनसलं.

सासऱ्यांना स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक करायची होती. "मधली ही भिंत काढली तर चालेल का हो?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षं बांधकामाच्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला 'बघून सांगतो' म्हणणं जड जातं. जावईबापूंनी बोटानं दोनदा ठोकलं, कान लावला आणि "खुशाल काढा, नुसता आडोसा आहे" म्हणून पुन्हा ताटाकडे वळले. खरं तर त्यांच्याकडे इंजिनिअरचा परवानाच नव्हता. परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची, असं त्यांचं दर वर्षी ठरायचं.

मंगळवारी ऑफिसात सासऱ्यांचा फोन आला. मागे धडाधड घाव पडत होते.

"गवंडी आलाय. तुमचं नाव सांगितलं, लगेच लागला कामाला."

"अहो, पण त्या भिंतीच्या वर काय आहे?"

"वर होय? तुमच्या सासूबाईंची मैत्रीण राहते. आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी."

टाकी जावईबापूंच्या गावीही नव्हती. "थांबवा" म्हणेपर्यंत फोन कटला, आणि मग नुसती रिंग वाजत राहिली. एकदा, दोनदा, सातदा.

शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअर मुलीला गेल्या वर्षी परवाना मिळाला होता. तेव्हा 'कागदानं कोणी इंजिनिअर होत नाही' असं तिला हेच म्हणाले होते.

"जरा माझ्याबरोबर येतेस का? घरचंच काम आहे."

"येते. पण सर, तुम्हाला एवढा घाम का फुटलाय?"

सासरी सगळे जिन्यात उभे होते. सासूबाई, त्यांची मैत्रीण, तिची पर्स.

"गवंड्यानं बाहेर काढलं आम्हाला," सासरे म्हणाले. "फोनसुद्धा आतच राहिला."

आत गवंडी भिंतीसमोर मांडी घालून बसला होता. भिंतीचा फक्त गिलावा निघाला होता.

"साहेब, ही तर चांगली हातभर जाड निघाली. परवानावाल्याची सही दाखवा, मग पुढचा घाव घालतो."

ज्युनिअरनं मापं घेतली, वर जाऊन आली, घराचा जुना नकाशा मागून पाहिला. तासाभरानं म्हणाली, "वरचा मजला हिच्यावरच उभा आहे. हिला हात लावायचा नाही. तसं लिहून देते, खाली सही माझी."

"बघा," सासरे सगळ्यांना अभिमानानं म्हणाले, "कुणाला आणायचं ते आमच्या जावयाला बरोबर कळतं." जावईबापूंना कुठं तोंड लपवू असं झालं.

परतताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या परीक्षेचा अर्ज कुठं मिळतो गं?"

"मी तीन महिन्यांपूर्वीच ठेवलाय सर, तुमच्या टेबलावर. तुम्ही रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवता."

ऑफिसात आल्याबरोबर त्यांनी कप उचलला. अर्जावर, बरोबर नावाच्या रकान्यात, चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. अकरा वर्षांत त्यांच्या नावावर लागलेला तेवढा एकच शिक्का.