आगाऊ निषेध

कोणत्याही सुसंस्कृत संस्थेत तीन गोष्टी असाव्याच लागतात: आग विझवायचं नळकांडं, तक्रारपेटी आणि एक आधुनिक मुसलमान. पहिल्या दोन बंद पडल्या तरी चालतं.

कॉलेजात हे तिसरं खातं बरीच वर्षं गणिताच्या सरांकडे होतं. (भत्ता वेगळा नव्हता.) सर रोज गुळगुळीत दाढी करत, बायको सर्जन, देवाधर्माच्या भानगडीत फारसे पडत नसत. जगात कुठेही स्फोट झाला की स्टाफरूममधले डबे उघडे टाकून सगळे सरांकडे बघत बसायचे. सरांनी निषेध केला की जेवण सुरू. जेवण गार होऊ नये म्हणून सर पुढेपुढे सकाळच्या चहालाच निषेध उरकून टाकू लागले. त्या घाईत एकदा कुठल्याशा कारखान्यात बॉयलर फुटला, त्याचाही करून बसले.

"इतक्या तातडीने केलात? आधी काही कानावर होतं का?" इतिहासाच्या बाईंनी काळजीने विचारलं.

मोहल्ल्यात उलटीच तऱ्हा. तिथे सरांचे चाचा सुनावायचे, "त्यांच्यापुढे मान डोलावतोस, मशिदीकडे फिरकत नाहीस. कसला रे तू मुसलमान?" (चाचा स्वतः निवडणुकीला उभे राहिल्यापासून एकही नमाज चुकवत नव्हते.)

एवढं सगळं सोसून सरांना हवं काय होतं, तर विभागप्रमुखाची खुर्ची. सगळ्यांत ज्येष्ठ तेच. मुलाखतीत गणिताचा ग सुद्धा निघाला नाही. "घरी मिसेसना बोलू देता ना?" एवढंच समितीने विचारलं.

"तीच मला देत नाही," सर म्हणाले. समिती पोट धरून हसली.

खुर्ची मिळाली सरांच्याच एका माजी विद्यार्थ्याला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये येऊन प्रेमाने सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, गणित काय, कोणीही शिकवेल. तुमच्यासारखा मुसलमान आम्ही कुठून आणायचा? तुम्ही सलोखा समिती सांभाळा."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ते सगळ्यांसमोर ओरडले, "मी निषेध करतो!"

सगळे चपापले. एकाने घाईघाईने मोबाइलवर बातम्या पाहिल्या.

"सर, आज तर कुठेच काही झालेलं नाही."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि डबे उघडले.

वाचकहो, तुम्हाला सर आवडले असतील. 'सगळे असेच असते तर किती बरं झालं असतं,' असंही मनात येऊन गेलं असेल. प्राचार्यांना तरी दुसरं काय वाटत होतं?