सुलभाकाकू आणि दहा सेंटीमीटरचा चौकोन

सुलभाकाकूंच्या घरात शिरायचं तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. बेल वाजवली की साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून आवाज येतो, “कोण?”

“मी सीमा.”

“कोण सीमा?”

आता मी चार वर्षं त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. आमच्या दोन दारांत तीन पावलांचं अंतर. तरी “समोरची सीमा” म्हटल्यावर तिसरा प्रश्न असतोच, “एकटीच आहेस ना?” मग साखळी निघते. माझा नवरा म्हणतो, उद्या साक्षात देव दारात उभा राहिला तरी काकू त्याचं आधार कार्ड मागतील.

काकू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला होत्या. तीस वर्षं नट-बोल्ट मोजून दिले आणि मोजून घेतले, ती सवय काही निवृत्त झाली नाही. “कुठेतरी पाणी मुरतंय” हे त्यांचं पेटंट वाक्य. दूध पातळ आलं तर पाणी मुरतंय हे समजू शकते मी, पण घट्ट आलं तरीही? भाजीवालीनं एकदा कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, तर बाईंनी ती उलटीपालटी करून काडी न् काडी तपासली!

यंदा मार्चमध्येच नाशिकरोड तापायला लागलं आणि मला उन्हाळी ड्रेस शिवायची हुक्की आली. बिनबाह्यांचा, सैलसर, दोन्ही बाजूंना खिसे. इंटरनेटवर त्याचा तयार पॅटर्न विकत मिळतो, बायका नुसत्या तुटून पडल्यात त्याच्यावर. झेरॉक्सवाल्याकडून पंधरा पानं छापून आणायची, चिकटपट्टीनं जोडायची, कापडावर ठेवायची आणि कापायचं. मी पानं घेऊन जिना चढत होते, तेवढ्यात काकूंनी गाठलं.

“हा कोपऱ्यातला चौकोन कशाला?”

“छपाई बरोबर झाली का ते बघायला. दहा सेंटीमीटर भरायला हवा.”

“मोजलास?”

मी कशाला मोजतेय! काकू आत जाऊन स्टीलची पट्टी घेऊन आल्या. टेपवर त्यांचा विश्वास नाही, टेप ताणला जातो म्हणे. चौकोन भरला साडेनऊच्याही आत. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. “बघ, पाणी मुरतंय. पानं लहान छापलीत. कापू नकोस.”

“अहो काकू, एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय? सैलसरच ड्रेस आहे!”

कापलं, शिवलं, अंगात घातलं. डोकं गेलं, हात गेले आणि ड्रेस काखेत अडकला. ना वर, ना खाली. नवरा ऑफिसात. शेवटी दोन्ही हात आभाळाकडे करून कोपरानं काकूंची बेल वाजवली. त्या अवस्थेतसुद्धा बाईंनी तिन्ही प्रश्न विचारले! मग मला आत ओढलं, ड्रेस सोलून काढला आणि “मी सांगितलं होतं” असं अक्षरही न बोलता चहा टाकला. तोंड फिरवून हसत मात्र होत्या, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पानं नीट छापून आणायला निघाले, तर म्हणाल्या, “माझ्यासाठीही एक संच आण.”

“तुमच्यासाठी? ड्रेस?”

“आण म्हटलं ना.”

आता मात्र मलाच पाणी मुरताना दिसायला लागलं. पदराला दोन पिना लावणारी ही बाई बिनबाह्यांचा ड्रेस कुणासाठी शिवतेय? दुपारभर मशीनचा आवाज यायचा. विचारलं की मशीन आणखी जोरात चालायचं. वर मला बोलावून सुतळीनं मापं घ्यायच्या, सुतळीला गाठी मारायच्या. “श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, मला खोटं माप चालत नाही.”

खोटं कशाला सांगू, एके दिवशी मला बाहेरच्या खोलीत बसवून त्या दळण आणायला खाली गेल्या तेव्हा मी त्यांच्या आतल्या खोलीत डोकावलेच. कपाटाला तीन ड्रेस लटकत होते. एकाच पिवळ्या फुलाफुलांच्या कापडाचे, लहान, मध्यम आणि मोठा.

“बघितलंस?” काकू दारात उभ्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण त्या रागावल्या नाहीत. पलंगावर बसल्या आणि मनीषाचं सगळं सांगितलं. मनीषा म्हणजे त्यांची मुलगी, इंदूरला असते एवढंच मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी तिनं सिन्नरच्या कारखान्यातला एक मुलगा पसंत केला. काकूंना कुठला धीर! एसटी पकडून सिन्नरला गेल्या. कारखान्याचा वॉचमन, घरमालक, कोपऱ्यावरचा पानवाला, सगळ्यांकडे चौकशी केली.

“एक वाकडी गोष्ट सापडली नाही गं. सोन्यासारखा मुलगा. पण त्याच्या कानावर गेलं. मनी म्हणाली, ‘आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही.’ तेव्हापासून तिनं इथे पाऊल ठेवलं नाही. आता फोन आला, मे महिन्यात येते म्हणाली.”

“कुठल्या तारखेला?”

“विचारलं नाही.”

“अहो, मग निदान माप तरी विचारायचं! तीन-तीन ड्रेस कशाला?”

काकूंनी मधल्या ड्रेसचा खिसा उगाच आतबाहेर केला. “लहानपणी फ्रॉकला खिसे नसले तर रडायची. आता कशी दिसते, जाड झाली की वाळली, मला माहीत नाही. तुझ्याएवढीच होती, म्हणून तुझं माप घेतलं, मग एक त्याहून लहान, एक मोठा. पण तिला काही विचारायचं नाही, सीमा. एकदा विचारलं, तेवढं पुरे झालं.”

मीही त्यांच्या पाठीमागे चौकशीच करत होते, याची लाज वाटली.

मे अर्धा सरला. गेल्या रविवारी दुपारी मी आमरसाची वाटी घेऊन गेले, बेल वाजवली आणि सवयीनं “कोण?”ची वाट पाहत उभी राहिले.

“कोण?” आलंच नाही. साखळीही वाजली नाही. दार एकदम सताड उघडलं. इस्त्रीची साडी, तोंडाला पावडर, चेहरा नुसता फुललेला. मागे खुर्चीवर तिन्ही ड्रेस घड्या घालून ठेवलेले.

“तू होय,” काकू म्हणाल्या. “ये ना, ये.” वाटी त्यांनी वाससुद्धा न घेता ठेवून दिली.

महिना अजून संपलेला नाही, मनीषा येईलही. पण तेव्हापासून मी बेलवर बोट ठेवण्याआधीच माझ्या दारातून मोठ्यानं हाक देते, “काकू, मी आहे, समोरची सीमा. एकटीच आहे.”